‘मुक्काम स्वातंत्र्य’ : एका श्रुतिकामालेची कथा

शिकागो शहरांतून वाहणाऱ्या नदीच्या काठीं ‘मर्चंडाइज मार्ट’ नांवाची एक अवाढव्य इमारत आहे. एन. बी. सी. या अमेरिकन नभोवाणी-संस्थेचें शिकागो येथील ठाणें पूर्वीं या इमारतींत होतें, आणि तिच्या मालकीच्या डब्ल्यू. एम. ए. क्यू. या केंद्राचे कार्यक्रम तेथूनच सादर होत असत. २७ जून १९४८ रोजीं, रविवारच्या सकाळीं, या केंद्रावरून अर्ध्या तासाची एक श्रुतिका झाली. तिचा नायक क्रिस्पस ॲटक्स नांवाचा एक कृष्णवर्णीय खलाशी. ५ मार्च १७७० रोजीं बॉस्टन शहरांत इंग्रज शिपायांनीं जमावावर गोळ्या झाडल्या, त्यांत पांच जणांचा बळी गेला. त्या पांचांतील पहिला हा ॲटक्स असें मानण्यांत येतें. ज्या देशाच्या स्वातंत्र्यासाठीं एका काळ्या माणसाचें रक्त असें आरंभींच सांडलें, त्याच देशांत पावणेदोनशें वर्षांनंतरहि काळ्या माणसाला हवें तेथें घर घेतां येत नव्हतें. या विसंगतीवर बोट ठेवण्यासाठींच ही श्रुतिकामाला जन्मास आली.

तिचें नांव ‘डेस्टिनेशन फ्रीडम’. मराठींत सांगावयाचें तर ‘मुक्काम स्वातंत्र्य’. १९४८ च्या जूनपासून १९५० च्या ऑगस्टपर्यंत ती चालली. या अवधींत तिच्यासाठीं ९१ श्रुतिका लिहिल्या गेल्या, आणि त्या सर्व रिचर्ड डरहॅम या एकाच लेखकाच्या हातच्या होत्या. वर्णभेद आणि विषमता हा विषय घेऊन एखाद्या शहराच्या नभोवाणीनें माला चालवावयाची तर तिला काय लागतें, ती कशानें जगते आणि कशानें मरते, हें पाहण्यास याहून बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल.

प्रथम त्या केंद्राचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. १९ मार्च १९२८ रोजीं याच केंद्रावरून ‘एमॉस अँड अँडी’ हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला होता. फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोघे गोरे नट काळ्या माणसांच्या बोलीची नक्कल करीत आणि तिच्यावर हंशा पिकवीत. पुढच्याच वर्षीं हा कार्यक्रम एन. बी. सी. तर्फे देशभर ऐकूं जाऊं लागला. तो इतका लोकप्रिय झाला कीं, कित्येक चित्रपटगृहांतून त्याच्या वेळेस बोलपट थांबवून प्रेक्षकांना रेडिओ ऐकविण्यांत येई. काळ्या समाजांतहि त्याचे चाहते होते. पण तो आपला जाहीर उपमर्द आहे असें वाटणारेहि थोडे नव्हते. १९३१ मध्यें ‘पिट्सबर्ग कूरियर’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकानें त्याविरुद्ध दहा लक्ष सह्या गोळा करण्याची मोहीम काढली. कार्यक्रम चालूच राहिला.

त्या काळीं या केंद्राची सूत्रें ज्युडिथ वॉलर या कर्तबगार बाईंच्या हातीं होतीं आणि तो कार्यक्रम त्यांनींच आपल्या केंद्रावर आणला होता. वीस वर्षांनंतर ‘डेस्टिनेशन फ्रीडम’ला जागा मिळाली, तेव्हां एन. बी. सी. च्या शिकागो येथील शैक्षणिक व लोकोपयोगी कार्यक्रमांचें खातेंहि त्यांच्याकडेच होतें. काळ्या माणसाचा आवाज म्हणून गोऱ्या नटांनीं काढलेला आवाज ज्या केंद्रानें देशाला ऐकविला, त्याच केंद्रानें पुढें काळ्या माणसांना स्वतःच्या आवाजांत बोलूं दिलें. अमेरिकेंत नभोवाणीचा परवाना लोकहितासाठीं म्हणून दिला जातो, आणि असे कांहीं कार्यक्रम केल्यावांचून केंद्राची प्रतिष्ठाहि राहत नाहीं. तेव्हां या बदलांत न्यायबुद्धि किती आणि व्यवहार किती, हा हिशेब मांडणें सोपें नाहीं.

मराठी श्रोत्याला ही कथा परकी वाटण्याचें कारण नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ मध्यें ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अमेरिकेंतील काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या लोकांस अर्पण करून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकत होते. १९४६ मध्यें अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं आपलें गाऱ्हाणें संयुक्त राष्ट्रसंघापुढें मांडल्याचें त्यांच्या वाचनांत आलें, तेव्हां त्यांनीं डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या विद्वान् नेत्यास पत्र पाठवून त्या अर्जाच्या प्रती मागविल्या. जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याची रीति दोन्ही देशांत निराळ्या वेषांत नांदली. परंतु जे तिच्याखालीं भरडले गेले त्यांना एकमेकांची ओळख पटण्यास वेळ लागला नाहीं.

शिकागोंत ही रीति कोणत्या वेषांत होती? पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेकडील कापसाच्या शेतांतून हजारों काळीं कुटुंबें उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत येऊं लागलीं. शिकागोंतील कत्तलखान्यांना, पोलादाच्या भट्ट्यांना मजूर हवे होते. या लोकांना काम मिळालें. पण शहराच्या दक्षिण भागांतील एका अरुंद पट्ट्याबाहेर घर मिळेना. जुलै १९१९ मध्यें मिशिगन सरोवरांत पोहणारा एक काळा मुलगा पाण्यांतील अदृश्य सीमा ओलांडून गोऱ्यांच्या म्हणून मानलेल्या किनाऱ्याकडे गेला. त्याच्या रोखानें दगड फेकण्यांत आले आणि तो बुडून मेला. त्यानंतर जी दंगल उसळली तींत ३८ माणसें प्राणांस मुकलीं. त्यांपैकीं २३ काळीं होतीं.

पुढें दगडाचें काम कागदानें केलें. अमुक मोहल्ल्यांतील घर काळ्या माणसास विकावयाचें नाहीं कीं भाड्यानें द्यावयाचें नाहीं, असे करार घरमालक आपसांत करीत आणि न्यायालयें ते अमलांत आणीत. अखेर ३ मे १९४८ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असे करार न्यायालयांमार्फत बजावतां येणार नाहींत असा निर्णय दिला. त्यानंतर आठ आठवड्यांच्या आंत या मालेची पहिली श्रुतिका झाली. आणि तिच्यानंतर महिन्याभरानें, २६ जुलै १९४८ रोजीं, सैन्यांत वर्णावरून भेदभाव होऊं नये असा हुकूम अध्यक्ष ट्रूमन यांनीं काढला. कायदा हलूं लागला होता. शेजाऱ्याचें मन हलविण्याचें काम तसेंच राहिलें होतें, आणि तें हुकमानें होण्यासारखें नव्हतें.

ज्या गृहस्थानें हें काम अंगावर घेतलें, त्याची तयारी त्या शहरांतच झाली होती. डरहॅम यांचा जन्म १९१७ मध्यें मिसिसिपी राज्यांतील रेमंड या गांवीं झाला आणि १९२३ मध्यें त्यांचें कुटुंब शिकागोस आलें. मंदीच्या काळांत बेकार लेखकांना काम देण्यासाठीं सरकारनें काढलेल्या योजनेच्या इलिनॉय शाखेंत त्यांनीं लेखणी घोटली. पुढें ‘शिकागो डिफेंडर’ या, १९०५ मध्यें स्थापन झालेल्या, कृष्णवर्णीयांच्या नामांकित वृत्तपत्रांत ते बातमीदार झाले. नभोवाणीलाहि ते नवखे नव्हते. ‘डेमॉक्रसी यू. एस. ए.’ या चरित्रमालेसाठीं त्यांनीं लेखन केलें होतें, आणि युद्धोत्तर शिकागोंतील एका काळ्या कुटुंबाच्या संसारावर ‘हिअर कम्स टुमॉरो’ नांवाची मालाहि लिहिली होती.

या विषयावर नभोवाणीनें कांहींच केलें नव्हतें असें नाहीं. १९४१-४२ मध्यें ‘फ्रीडम्स पीपल’ ही माला देशभर ऐकविली गेली होती, आणि १९४४ पासून न्यूयॉर्कच्या एका केंद्रावर ‘न्यू वर्ल्ड ए-कमिंग’ ही माला चालू होती. पण एकच लेखक, एकाच शहरांत, दोन वर्षें नेटानें काळ्या इतिहासाचें एकेक पान नाट्यरूपानें उलगडीत आहे, हें दृश्य विरळाच होतें.

हीं पानें मिळवावयाचीं कोठून? शाळेच्या पाठ्यपुस्तकांत काळा माणूस आला तर गुलाम म्हणून येई, आणि गुलामगिरी संपतांच तोहि नाहींसा होई. येथें शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाची एक शाखा उपयोगी पडली. काळ्या वस्तींत १९३२ मध्यें उघडलेल्या या जॉर्ज क्लीव्हलंड हॉल शाखेच्या प्रमुख विव्हियन हार्श या होत्या. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयांत शाखाप्रमुखाच्या पदावर चढलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय ग्रंथपाल. काळ्या लोकांच्या इतिहासाविषयीं व वाङ्मयाविषयीं जें जें हातीं लागेल तें पुस्तक, पत्रक, कात्रण त्यांनीं वर्षानुवर्षें जमविलें होतें. डरहॅम या संग्रहांत बसत, टिपणें घेत आणि त्यांतून पुढच्या श्रुतिकेची उभारणी करीत. नभोवाणीचा आवाज अंतराळांत विरून जातो असें म्हणतात. या मालेचा पाया मात्र एका ग्रंथपाल बाईंनीं चिकाटीनें रचलेल्या कपाटांवर उभा होता.

चरित्राची श्रुतिका करतांना दोन मोह आडवे येतात. एक मोह आरती ओवाळण्याचा, दुसरा अश्रु ढाळण्याचा. पहिल्यांत नायक देव होतो, दुसऱ्यांत तो दीन होतो. दोहोंतहि तो माणूस राहत नाहीं. डरहॅम यांनीं हे दोन्ही मोह टाळले. त्यांचे नायक-नायिका बहुधा बंडखोर आहेत. दयेची याचना करणारे ते नव्हत. हक्क मागणारे, आणि तो न मिळाल्यास घेऊं पाहणारे ते आहेत. १८४९ मध्यें गुलामींतून निसटून पुन्हां पुन्हां दक्षिणेंत जाऊन सुमारें ७० माणसांना बाहेर काढणाऱ्या हॅरिएट टबमन, झुंडशाहीनें होणाऱ्या हत्यांविरुद्ध लेखणी चालविणाऱ्या आयडा बी. वेल्स, हैतीच्या गुलामांचा सेनापति तूसाँ लूव्हर्त्यूर, हीं त्यांच्या मालेंतील माणसें. त्यांच्या तोंडीं डरहॅम यांनीं हास्यास्पद बोली घातली नाहीं. ज्या केंद्रानें एकदां त्या बोलीवर पैसा मिळविला, त्या केंद्रावर हीं माणसें स्पष्ट, सरळ, स्वाभिमानाचें इंग्रजी बोलूं लागलीं. श्रोत्याच्या कानाला एवढा बदल पुरेसा होता.

दुसरी गोष्ट त्यांनीं केली ती अशी कीं, इतिहास त्यांनीं श्रोत्याच्या गल्लींत आणून उभा केला. डॉ. डॅनिएल हेल विल्यम्स यांच्यावरील श्रुतिका हें त्याचें चांगलें उदाहरण. काळ्या मुलींना परिचारिकेचें शिक्षण देण्यास शिकागोंतील संस्था तयार नव्हत्या, म्हणून १८९१ मध्यें या डॉक्टरांनीं प्रॉव्हिडंट रुग्णालय काढलें. तेथें १८९३ मध्यें, छातींत सुरा खुपसलेल्या एका माणसाची छाती उघडून त्यांनीं हृदयावरील आवरण शिवलें, आणि तो माणूस वांचला. ज्या समाजाला कौशल्याच्या कामास अपात्र ठरविलें जात होतें, त्यांतील माणसाच्या हातांनीं हें घडलें, आणि तें श्रोत्यांच्याच शहरांत घडलें.

कधीं कधीं डरहॅम यांची कल्पकता अधिक मोकळी होई. लुई आर्मस्ट्राँग या वादकावरील श्रुतिकेचें नांवच त्यांनीं ‘ट्रंपेट बोलतो’ अशा अर्थाचें ठेविलें. नभोवाणींत वस्तूलाहि वाचा देतां येते, या सोयीचा असा उपयोग करून घेण्यांत ते तरबेज होते.

हे संवाद बोलणारे कलावंतहि निवडक होते. ऑस्कर ब्राउन ज्युनिअर, फ्रेड पिंकार्ड, जॅनिस किंग्जलो आदि कृष्णवर्णीय नट-नट्यांबरोबर गोरे नटहि त्याच ध्वनिक्षेपकापुढें उभे राहत. पुढें लोकांच्या मुलाखतींचे ग्रंथ करून ख्याति मिळविणारे स्टड्स टर्केल हे त्यांपैकीं एक. बाहेरच्या शहरांत ज्यांना एका मोहल्ल्यांत राहतां येत नव्हतें, ते येथें एका कागदावरील संवाद आळीपाळीनें वाचीत.

किंग्जलो यांची हकीकत विशेष सांगण्यासारखी आहे. त्यांचा वर्ण इतका उजळ होता कीं, त्या सहज गोऱ्या म्हणून खपल्या असत्या. चित्रपटसृष्टींतून त्यांच्याकडे कराराची मागणीहि आली. पण अट अशी कीं, नांव बदलावें आणि आपण काळ्या आहोंत हें कोणास कळूं देऊं नये. त्यांनीं तो करार नाकारला, आणि १९५० मध्यें एका मासिकांत लेख लिहून तें जाहीरपणें सांगितलें. रेडिओवर कोणाचाच रंग दिसत नाहीं. तेथें त्यांना लपविण्यासारखें कांहीं नव्हतें, आणि त्यांना लपवावयाचेंहि नव्हतें.

मालेच्या आर्थिक बाजूचाहि विचार केला पाहिजे. आरंभीं ‘शिकागो डिफेंडर’नें तिला आश्रय दिला आणि पुढें कांहीं काळ ‘अर्बन लीग’ या संस्थेनें. पण एरवीं ती बहुतेक जाहिरातदारावांचून, केंद्राच्याच खर्चानें चालली. साबणवाल्याची वा तंबाखूवाल्याची मर्जी सांभाळावी लागत नव्हती, हा लाभ. पण ज्या वेळेला जाहिरातदार नसतो ती वेळ केंद्राच्या दृष्टीनें पडीक जमीन. म्हणून रविवारच्या सकाळचा अर्धा तास तिच्या वांट्यास आला.

खर्च केंद्राचा असल्यामुळें शेवटचा शब्दहि केंद्राचा होता. प्रत्येक संहिता आधीं वाचली जाई. नायकाची भाषा फार तिखट आहे, अमक्या वाक्यानें गोरा श्रोता दुखावेल, असले आक्षेप निघत. डरहॅम कांहीं जागीं नमत, कांहीं जागीं नमत नसत. आणि दर आठवड्यास नव्या श्रुतिकेबरोबर नवी हुज्जत उभी राही. येथें विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, अधिकारी मंडळी दुष्ट नव्हती. माला त्यांनींच चालू ठेवली होती. १९४९ मध्यें शैक्षणिक नभोवाणीच्या क्षेत्रांतील एका मान्यवर संस्थेनें तिचा गौरव केला, तेव्हां केंद्रालाहि अभिमान वाटावा असाच तो प्रसंग होता. पण गौरव स्वीकारणें सोपें, आणि ज्यामुळें गौरव झाला तें तिखट वाक्य जसेंच्या तसें राहूं देणें अवघड.

१९५० साल उजाडलें तें संशयाचें वातावरण घेऊन. २५ जूनला कोरियांत युद्ध पेटलें. त्याच महिन्यांत अमेरिकेंत एक पुस्तिका निघाली. तींत नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या क्षेत्रांतील १५१ जणांचीं नांवें साम्यवादाकडे झुकलेले म्हणून छापलीं होतीं. जो समतेची भाषा जरा जोरानें बोले त्याच्याकडे लोक वळून पाहूं लागले. ऑगस्टमध्यें डरहॅम यांची माला संपली.

तिचें नांव मात्र संपलें नाहीं. थोड्याच अवधींत तेंच नांव घेऊन त्याच केंद्रावर एक नवा कार्यक्रम सुरू झाला. त्यांत पॉल रिव्हिअर हा स्वातंत्र्ययुद्धांतील गोरा वीर निवेदक होऊन देशभक्तीच्या कथा सांगूं लागला. क्रिस्पस ॲटक्सनें उघडलेल्या दारांतून ॲटक्सलाच बाहेर काढण्यांत आलें होतें. दारावरची पाटी तेवढी जुनी राहिली.

एवढ्यावरून या मालेचा पराभव झाला असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. डरहॅम यांनीं पुढें कत्तलखान्यांतील कामगारांच्या संघटनेंत काम केलें, वृत्तपत्राचें संपादन केलें, आणि महंमद अली या मुष्टियोद्ध्याचें १९७५ मध्यें निघालेलें आत्मचरित्र त्याच्या सहकार्यानें लिहिलें. १९८३ मध्यें शिकागोनें हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांच्या रूपानें आपला पहिला कृष्णवर्णीय महापौर निवडला, तेव्हां डरहॅम त्यांच्या साह्यकर्त्यांपैकीं एक होते. १९८४ मध्यें त्यांचें निधन झालें. मालेचीं कांहीं ध्वनिमुद्रणें वांचलीं. १९८९ मध्यें निवडक संहितांचें पुस्तक निघालें. आणि २००७ मध्यें अमेरिकेच्या नभोवाणी-क्षेत्रांतील मानाच्या यादींत त्यांचें नांव घालण्यांत आलें.

भारतांत २००६ नंतर लोकसंस्थांनाहि लहान पल्ल्याचें नभोवाणी-केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. १५ ऑक्टोबर २००८ रोजीं तेलंगणांतील माचनूर या खेड्यांत दलित स्त्रियांनीं चालवावयाचें ‘संघम् रेडिओ’ हें केंद्र सुरू झालें. त्याच वर्षीं सातारा जिल्ह्यांतील म्हसवड येथें ‘माणदेशी तरंग’ हें केंद्र निघालें. अशा केंद्रांवरून जातीविषयीं, विषमतेविषयीं माला करावी असें ज्यांच्या मनांत येईल, त्यांना शिकागोची ही कथा तीन गोष्टी सांगते. आपल्याच गांवच्या दप्तरांत, आपल्याच म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत नायक शोधावे. त्यांची कींव करूं नये, त्यांना कर्ते म्हणून बोलूं द्यावें. आणि पहिलें अक्षर लिहिण्यापूर्वीं, संहितेवर शेवटचा हात कोणाचा फिरणार, हें ठरवून घ्यावें. पहिल्या दोन गोष्टी डरहॅम यांना साधल्या. तिसरी त्यांच्या हातीं नव्हती, आणि माला गेली ती त्या वाटेनें.

त्यांचे कागद मात्र गेले नाहींत. विव्हियन हार्श यांनीं जमविलेला संग्रह आज त्यांचेंच नांव धारण करून शिकागोच्या दक्षिण भागांतील एका मोठ्या ग्रंथालयांत आहे. रिचर्ड डरहॅम यांचें दप्तर त्याच संग्रहांत ठेवण्यांत आलें आहे. ज्या कपाटांतून एका काळीं टिपणें निघालीं, त्याच कपाटांत त्या ९१ श्रुतिकांची स्मृति परत येऊन विसावली आहे, आणि जो कोणी पुढें लिहूं इच्छील त्याला तीं कपाटें उघडीं आहेत.